पर्लकोटेचा पूल आणि स्पॅनिशमधला ‘तर’

स्पॅनिश शिकायला बसलेल्या मराठी माणसाला बहुतेक पुस्तकं आधी वर्तमानकाळ शिकवतात, मग भूतकाळाची दोन रूपं, मग भविष्यकाळ. कंडिशनल, म्हणजे आपल्या व्याकरणातला संकेतार्थ, शेवटच्या धड्यांत येतो आणि तिथवर पोचेपर्यंत अर्धा वर्ग गळालेला असतो. मला हा क्रमच पटत नाही. ताडोबाच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटवर जिप्सीत बसणाऱ्या एखाद्या गाइडला मेक्सिकोहून किंवा स्पेनहून आलेल्या पाहुण्यांशी चार वाक्यं बोलायची असतील, तर त्याला सगळ्यात आधी काय लागेल? विनंती करावी लागेल: जरा खाली बसाल का? सल्ला द्यावा लागेल: तुमच्या जागी मी असतो तर गाडीतून उतरलो नसतो. अंदाज सांगावा लागेल: वाघ रात्री इथून गेला असावा. स्पॅनिशमध्ये ही तिन्ही कामं एकच रूप करतं, ते म्हणजे संकेतार्थ.

हे रूप बनवायला सोपं आहे आणि त्याचे बहुतेक उपयोग मराठी माणसाच्या तोंडात आधीपासून आहेत. अडचण एकाच ठिकाणी येते, ‘जर’च्या बाजूला. तिथे मराठीची सवय आपल्याला हमखास चुकीच्या वाटेला नेते. म्हणून बाकीचं भरभर सांगून मी त्या जागी जास्त वेळ थांबणार आहे.

आधी उच्चाराबद्दल थोडं. या लेखात स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिले आहेत आणि उच्चार लॅटिन अमेरिकेतले धरले आहेत. आपल्या लिपीत ते चांगले बसतात. स्पॅनिश ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य आहेत, ‘प’ आणि ‘क’ यांत हवा सोडायची नसते, स्वर पाचच आणि स्वच्छ. ‘व’ लिहिलेला असला तरी तो ‘ब’कडे झुकतो, म्हणून पाहणे या अर्थाचं क्रियापद मी ‘बेर’ असं लिहितो.

आता रचना. मराठीत आपण ‘पाहणे’मधलं ‘णे’ काढून टाकतो आणि उरलेल्या ‘पाह’ला प्रत्यय लावतो: पाहीन, पाहतो, पाहिलं. स्पॅनिश वर्तमानकाळातही असंच शेपूट तोडावं लागतं. संकेतार्थात मात्र काहीच तोडायचं नाही. बोलणे ‘आब्लार’, खाणे ‘कोमेर’, राहणे ‘बिबिर’. ही अख्खी रूपं जशीच्या तशी ठेवायची आणि पुढे ‘ईआ’ जोडायचा: आब्लारीआ, कोमेरीआ, बिबिरीआ. जोर ‘ई’वर द्यायचा. क्रियापद आर, एर, ईर यांपैकी कोणत्याही गटातलं असो, जोड तीच. ‘बेर’ची सगळी रूपं अशी होतात: मी बेरीआ, तू बेरीआस, तो, ती किंवा आदरार्थी ‘आपण’ बेरीआ, आम्ही बेरीआमोस, ते किंवा तुम्ही सगळे बेरीआन. स्पेनमध्ये जवळच्या मंडळींना मिळून हाक मारताना ‘बेरीआइस’ असं आणखी एक रूप वापरतात. लॅटिन अमेरिकेत त्याची गरज पडत नाही, म्हणून सुरुवातीला ते सोडून दिलं तरी चालेल.

या रूपांत लिंग नाही, हा मराठी माणसाला मोठाच दिलासा. आपल्याला गेला असता, गेली असती, गेलं असतं असं प्रत्येक वेळी बघावं लागतं. स्पॅनिशमध्ये वाघ असो, वाघीण असो की बछडा, ‘इरीआ’ म्हणजे गेला असता, गेली असती आणि गेलं असतं, सगळं आलं. एक खबरदारी मात्र घ्यायची. ‘मी’ आणि ‘तो’ यांचं रूप एकच आहे. स्पॅनिशमध्ये कर्ता एरवी गाळला जातो, पण इथे घोळ होण्याची शक्यता वाटली तर ‘यो’ किंवा ‘एल’ म्हणून टाकावं.

‘ईआ’ आला कुठून, हे कळलं की रूप लक्षात राहायला मदत होते. बोली लॅटिनमध्ये ‘गायचं होतं’ या धाटणीची जोडणी होती: ‘गाणे’चं अख्खं रूप आणि पुढे ‘जवळ असणे’ अशा अर्थाच्या क्रियापदाचा भूतकाळ. बोलता बोलता ते दुसरं क्रियापद झिजत गेलं आणि त्याचं शेपूट तेवढं पहिल्याला चिकटून राहिलं. म्हणून पहिला भाग अख्खा दिसतो. जुन्या स्पॅनिशमध्ये तर या दोन तुकड्यांच्या मधे सर्वनाम शिरत असे, आणि पोर्तुगीजमध्ये लिहिताना ते अजूनही शिरतं. गोव्यात 1961 पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या पिढीला हा ‘ईआ’ ओळखीचा होता, कारण बोलणे या अर्थाच्या पोर्तुगीज ‘फालार’चा संकेतार्थही ‘फालारीआ’ असाच होतो.

अपवाद बाराच आहेत, आणि तेही फक्त मधल्या भागात. शेवटचा ‘ईआ’ कुठेच बदलत नाही. त्यांपैकी पाच क्रियापदं एका कुळातली: तेनेर (जवळ असणे), पोनेर (ठेवणे), सालिर (बाहेर पडणे), बेनिर (येणे), बालेर (किंमत असणे). नियमाने ‘तेनेरीआ’, ‘बेनिरीआ’ व्हायला हवं होतं. होतं मात्र तेंद्रीआ, पोंद्रीआ, साल्द्रीआ, बेंद्रीआ, बाल्द्रीआ. मधला ‘ए’ किंवा ‘ई’ गळाला, त्यामुळे ‘न’ किंवा ‘ल’ थेट ‘र’ला भिडला. जीभ ‘न’ किंवा ‘ल’वरून थेट ‘र’वर जाताना मधे ‘द’ आपोआप उमटतो. हे आपल्याला नवं नाही. संस्कृतातला ‘वानर’ बोलण्यात ‘वांदर’ झाला, तो याच वाटेने. ताडोबात वाघाची चाहूल लागली की झाडावरून पहिला इशारा देतो तोच हा वानर. ‘बेनिर’चं रूप आठवेनासं झालं तर वानर-वांदर म्हणून बघावं, ‘बेंद्रीआ’ तोंडात येतं.

दुसऱ्या कुळात नुसता स्वर गळतो: पोदेर (शकणे) पोद्रीआ, केरेर (हवे असणे) केर्रीआ, साबेर (माहीत असणे) साब्रीआ, काबेर (मावणे) काब्रीआ आणि साहाय्यक क्रियापद आबेर, त्याचं आब्रीआ. उरलेली दोन जास्त आखडली आहेत: आसेर (करणे) आरीआ, देसिर (सांगणे) दिरीआ. बारा झाली. भविष्यकाळातही हीच बारा क्रियापदं अशीच वाकतात, त्यामुळे एकदा घोकली की दोन्ही कामं होतात.

ऐकताना काय पकडायचं? ‘कोमीआ’ म्हणजे तो खात असे, ‘कोमेरीआ’ म्हणजे तो खाईल किंवा त्याने खाल्लं असतं. फरक ‘र’चा. ‘ईआ’च्या आधी ‘र’ ऐकू आला की बहुतेक वेळा संकेतार्थ असतो. बहुतेक वेळा एवढ्यासाठी, की काही क्रियापदांच्या मुळातच ‘र’ आहे. धावणे म्हणजे ‘कोर्रेर’. त्याचं ‘कोर्रीआ’ म्हणजे नुसता धावत होता, संकेतार्थ ‘कोर्रेरीआ’. आणि ‘केरीआ’ (त्याला हवं होतं) व ‘केर्रीआ’ (त्याला हवं असेल) यांत तर फक्त ‘र’ किती घोळवला एवढाच फरक. सुदैवाने मागणी करताना दोन्ही रूपं नम्रच मानली जातात, त्यामुळे इथे जीभ घसरली तरी कुणी रागवत नाही.

आता वापराकडे. विनंती ही पहिली पायरी. मराठीत आपण आज्ञा सौम्य करायला भविष्यकाळ आणि प्रश्न वापरतो: जरा थांबाल का? स्पॅनिश तिथे संकेतार्थ वापरतं. ‘पोद्रीआन सेन्तार्से, पोर फाबोर?’ म्हणजे कृपा करून बसाल का? हे अनेकांना उद्देशून आहे. एकालाच आदराने म्हणायचं तर ‘पोद्रीआ सेन्तार्से?’. आदरार्थी ‘उस्तेद’ला क्रियापद तृतीय पुरुषाचं लागतं, हे ऐकून आपण गोंधळायचं कारण नाही, समोरच्यालाच ‘साहेब चहा घेतील का?’ असं विचारण्याची पद्धत आपल्याकडेही आहे. समोर वाघीण रस्ता ओलांडत असताना पाहुणे उभे राहून मोठ्याने बोलू लागले, तर ‘पोद्रीआन बाहार ला बोस?’ (आवाज कमी कराल का?) हे वाक्य तोंडपाठ असावं. ‘सिलेन्सिओ!’ असं खेकसण्याने काम होतं, पण पुढचे तीन तास गाडीतलं वातावरण बिघडतं.

इच्छा सांगताना मराठी माणसाला इंग्रजी माणसापेक्षा कमी कष्ट पडतात. ‘मे गुस्तारीआ बेर उन तीग्रे’ म्हणजे मला वाघ बघायला आवडेल. ‘मे’ म्हणजे ‘मला’. ज्याला आवडतं तो कर्ता नसून, जे आवडतं त्याच्याप्रमाणे क्रियापद चालतं, अगदी मराठीसारखं. म्हणून आवडणाऱ्या गोष्टी अनेक असतील तर ‘गुस्तारीआन’. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे या एका क्रियापदावर आठवडे घालवतात. मराठी माणसाने इंग्रजीतून शिकलेलं स्पॅनिश बाजूला ठेवून थेट ‘मला आवडतं’वरून गेलं की झालं.

सल्ल्याचे दोन साचे पुरतात. ‘देबेरीआन येबार आगुआ’ म्हणजे तुम्ही पाणी न्यायला हवं; मे महिन्यात चंद्रपुरात याची रोज गरज पडते. दुसरा साचा: ‘यो के उस्तेद, नो बाहारीआ देल कोचे’. शब्दशः ‘मी की तुम्ही, गाडीतून उतरलो नसतो’. ‘जर मी तुमच्या जागी असतो तर’ हा सगळा भाग ‘यो के उस्तेद’ या तीन शब्दांत मिटतो आणि ‘जर’ची कटकट टळते. नवशिक्याने हा साचा जवळ ठेवावा. नकारही सोपा आहे. मराठीत असता-नसता, असेल-नसेल असं क्रियापदच बदलतं, स्पॅनिशमध्ये पुढे ‘नो’ ठेवलं की झालं.

अंदाजाचा वापर मात्र मला फार आवडतो, आणि जंगलात त्याचं मोल कळतं. पहाटे कच्च्या रस्त्यावर ताजे पगमार्क दिसतात. गाइड गाडी थांबवायला सांगतो, वाकून बघतो. ठशाच्या कडा ढासळल्या आहेत का, रात्री पडलेल्या दवाचे थेंब ठशाच्या आत आहेत की ठसा दवावर उमटला आहे, रात्रीच्या एखाद्या किड्याची रेघ ठशावरून गेली आहे का, हे तो पाहतो. मग म्हणतो, ‘रात्री गेला असावा.’ त्याने वाघाला जाताना पाहिलेलं नाही, पण हे नुसतं कल्पनेतलंही नाही. पुराव्यावरून काढलेला भूतकाळाचा अंदाज आहे. मराठीत त्यासाठी ‘असावा’ किंवा ‘असेल’ आहे. स्पॅनिशमध्ये संकेतार्थ: ‘पासारीआ पोर आकी दे नोचे’, रात्री इथून गेला असावा. ‘तेंद्रीआ दोस आन्योस’, तेव्हा तो दोन वर्षांचा असावा. ‘सेरीआन लास सिन्को’, तेव्हा पाच वाजले असतील.

इथे एक बारकावा आहे. मराठी ‘असेल’ आजच्याही अंदाजाला चालतो आणि कालच्याही. ‘आत्ता पाच वाजले असतील’, ‘तेव्हा पाच वाजले असतील’, दोन्हीकडे शब्द एकच. स्पॅनिश दोहोंत भेद करतं: आत्ताच्या अंदाजाला भविष्यकाळ (सेरान लास सिन्को), तेव्हाच्या अंदाजाला संकेतार्थ (सेरीआन लास सिन्को). त्यामुळे अंदाज सांगताना गाइडने स्वतःला एक प्रश्न विचारायचा: मी आत्ताबद्दल बोलतोय की मघाबद्दल? वाघ आत्ता पाणवठ्यावर असेल, तर ‘एस्तारा’. काल संध्याकाळी असावा, तर ‘एस्तारीआ’.

दुसऱ्याचं बोलणं सांगताना पुन्हा एकदा दोन भाषांच्या वाटा वेगळ्या होतात. ‘गार्ड म्हणाला की गेट सहाला उघडेल.’ मराठीत ‘म्हणाला’ भूतकाळात गेला, तरी ‘उघडेल’ जागचं हलत नाही. बोलणाऱ्याचे शब्द आपण जसेच्या तसे ठेवतो. स्पॅनिशमध्ये ‘म्हणाला’ मागे गेला की ‘उघडेल’ही त्याच्यामागून जातो: ‘दिहो के आब्रिरीआन आ लास सेइस’. ताडोबाचा गाभा मंगळवारी बंद असतो. ‘आम्हाला सांगितलं होतं की मंगळवारी बंद असेल’ हे ‘नोस दिहेरोन के एल मार्तेस एस्तारीआ सेर्रादो’. इथे संकेत, अट काहीच नाही. भूतकाळात उभं राहून पुढे बघणं एवढंच आहे. चिलीत राहून व्याकरण लिहिणारे आन्द्रेस बेयो यांनी 1847 साली याच कारणाने या रूपाला ‘भूतकाळानंतरचा काळ’ अशा अर्थाचं नाव दिलं. हा काळ आहे की अर्थ, यावर स्पॅनिश व्याकरणकारांचा वाद बराच चालला आणि आता तो काळांतच धरला जातो. मराठीत मोरो केशव दामल्यांपासून, म्हणजे 1911च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून, शाळेच्या पुस्तकांपर्यंत संकेतार्थ हा क्रियापदाचा अर्थच मानला आहे. दोन भाषांतल्या नावांची बरोबरी लावत बसू नये. कामं वेगवेगळी बघावीत.

आता मुख्य जागा, ‘जर’ची बाजू.

गडचिरोली जिल्ह्याच्या आग्नेय भागात भामरागड आहे. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या तिथे भेटतात. गावात शिरताना पर्लकोटेवरचा पूल ओलांडावा लागतो, आणि पावसाळ्यात जुना पूल पाण्याखाली जाऊन तालुका कितीदा तरी तुटला आहे. त्यामुळे ‘पाणी आलं त पूल बुडते’ हे वाक्य त्या भागात पावसाळाभर कुणी ना कुणी बोलतच असतं. हेच वाक्य घेऊन स्पॅनिशच्या तीन पायऱ्या चढू.

पहिली पायरी, खरोखर होऊ शकणारी गोष्ट. ‘मोठा पाऊस पडला तर नदी पूल झाकून टाकील.’ स्पॅनिश: ‘सी युएबे मुचो, एल रीओ कुब्रिरा एल पुएन्ते’. ‘सी’ म्हणजे ‘जर’. मराठीत ‘पडला’ हे भूतकाळाचं रूप आलं, जरी पाऊस अजून पडायचा आहे. स्पॅनिशमध्ये तिथे साधा वर्तमानकाळ: ‘युएबे’, पडतो. मराठी मनातलं ‘पडला’ उचलून भूतकाळ घातला तर ऐकणाऱ्याला वाटतं, कालच्या पावसाबद्दल बोलतोय. या पायरीवर संकेतार्थाचं काम नाही.

दुसरी पायरी, नुसती कल्पना. पाऊस पडण्याची चिन्हं नाहीत, किंवा आपण फक्त विचार करून बघतोय. ‘सी योबिएरा मुचो, एल रीओ कुब्रिरीआ एल पुएन्ते’. ‘तर’च्या बाजूला आला संकेतार्थ, ‘कुब्रिरीआ’. पण ‘जर’च्या बाजूला आलं भलतंच रूप, ‘योबिएरा’. हे सब्जंक्टिव्हचं, म्हणजे कल्पना, इच्छा किंवा शंका सांगणाऱ्या क्रियापदाच्या प्रकाराचं, भूतकाळी रूप. ते बनवायचं असं: ‘त्यांनी केलं’ या अर्थाचं भूतकाळी रूप घ्या, शेवटचं ‘रोन’ काढा आणि ‘रा’ लावा. त्यांच्याकडे होतं ‘तुबिएरोन’, त्यावरून तुबिएरा. ते गेले ‘फुएरोन’, फुएरा. त्यांना करता आलं ‘पुदिएरोन’, पुदिएरा. एकही अपवाद नाही.

तिसरी पायरी, जे घडलंच नाही. ‘मोठा पाऊस पडला असता तर नदीने पूल झाकून टाकला असता.’ ‘सी उबिएरा योबिदो मुचो, एल रीओ आब्रीआ कुबिएर्तो एल पुएन्ते’. ‘आबेर’ची दोन रूपं आली: ‘जर’च्या बाजूला उबिएरा, ‘तर’च्या बाजूला आब्रीआ. त्यांच्यापुढे ‘पडलेला’, ‘झाकलेला’ अशा अर्थाची रूपं, योबिदो आणि कुबिएर्तो.

मराठी वाक्याकडे परत बघा. ‘पडला असता’ आणि ‘टाकला असता’. दोन्ही बाजूंना ‘असता’. ‘तू आला असतास तर बरं झालं असतं’, ‘पैसे असते तर घेतलं असतं’; मराठीचा हा तराजू दोन्ही पारड्यांत सारखंच वजन मागतो. चूक नेमकी इथून जन्मते. मराठी माणूस ‘तर’च्या बाजूला बरोबर ‘ईआ’ लावतो आणि मग त्याच हाताने ‘जर’च्या बाजूलाही लावून मोकळा होतो: ‘सी योबेरीआ, कुब्रिरीआ’. प्रमाण स्पॅनिशमध्ये ‘सी’ने अट घातली की तिच्या पाठोपाठ ‘ईआ’ कधीच येत नाही. याचं वाईट वाटून घेऊ नये, कारण खुद्द स्पेनच्या उत्तरेला, बास्क प्रांतात, नाबार्रात, बुर्गोस आणि रिओहाच्या भागात जन्मापासून स्पॅनिश बोलणारे लोक ‘सी तेंद्रीआ’ म्हणतात. दोन्ही बाजूंना एकच रूप ठेवण्याची ओढ भाषेच्या आतूनच येते. पण परीक्षेत आणि बाहेरच्या जगात ते खपत नाही.

तरी मराठीच्या सवयीला एक हक्काची जागा स्पॅनिशने दिली आहे. तिसऱ्या पायरीवर ‘तर’च्या बाजूच्या ‘आब्रीआ’ऐवजी ‘उबिएरा’ म्हटलेलं चालतं: ‘सी उबिएरा योबिदो, एल रीओ उबिएरा कुबिएर्तो एल पुएन्ते’. पूर्ण शुद्ध, स्पॅनिश अकादमीला मान्य आणि लॅटिन अमेरिकेत रोजच्या बोलण्यातलं. दोन्हीकडे ‘उबिएरा’, म्हणजे दोन्हीकडे ‘असता’. सुरुवातीला न घडलेल्या गोष्टींसाठी हेच वापरावं असं मी म्हणेन. ‘आब्रीआ’ कानावर पडत पडत येईल.

आणखी एक खड्डा दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मधे आहे, आणि तो जास्त खोल आहे. ‘माझ्याकडे गाडी असती तर मी गेलो असतो.’ हे आजचं आहे की कालचं? मराठीत दोन्ही. आज लग्न आहे आणि गाडी नाही, तरी हेच वाक्य. लग्न गेल्या महिन्यात होऊन गेलं, तरी हेच. संदर्भावरून आपल्याला कळतं. स्पॅनिशला मात्र ठरवावं लागतं. आजचं असेल तर दुसरी पायरी: ‘सी तुबिएरा कोचे, इरीआ’. होऊन गेलेलं असेल तर तिसरी: ‘सी उबिएरा तेनिदो कोचे, आब्रीआ इदो’. मराठीत विचार करताना ‘गेलो असतो’ हे शब्द ऐकून आपण लगेच तिसऱ्या पायरीवर उडी मारतो, आणि समोरचा समजतो की लग्न उरकलं. म्हणून ‘असतो’ दिसला की पुढे मनात ‘आत्ता’ जोडून बघावं. ‘गाडी असती तर आत्ता गेलो असतो’ हे बरोबर वाटलं तर ‘ईआ’ पुरे, ‘आब्रीआ’ नको. अट कालची आणि परिणाम आजचा असला की दोन पायऱ्या एकत्र येतात, आणि तिथे मराठी स्वतःच वाट दाखवते: ‘काल पाऊस पडला असता तर आज पूल बंद असता’. ‘बंद झाला असता’ असं न म्हणता नुसतं ‘बंद असता’, तसंच ‘सी उबिएरा योबिदो आयेर, ओइ एल पुएन्ते एस्तारीआ सेर्रादो’.

‘सी’नंतर ‘ईआ’ नाही, या नियमाला एक दिसायला अपवाद आहे. ‘तो येईल की नाही, माहीत नव्हतं’ याला ‘नो साबीआ सी बेंद्रीआ’ म्हणतात. इथला ‘सी’ म्हणजे ‘जर’ नव्हे, ‘की नाही’. इंग्रजीवरून येणारे इथे घसरतात, पण मराठीत दोहोंना वेगळे शब्द आहेत. मनात ‘की नाही’ आलं तर ‘ईआ’ला मोकळीक, ‘जर’ आलं तर मनाई.

‘आब्रीआ’च्या जोडीला येणाऱ्या शब्दाबद्दलही सांगायला हवं. मराठीत ‘मी पगमार्क पाहिला असता’, ‘मी वाघीण पाहिली असती’, ‘मी पाऊलखुणा पाहिल्या असत्या’. क्रियापद कर्माच्या लिंगवचनाला धरून बदलतं आणि पाहणारा ‘मी’ आहे हे क्रियापदातून कळतही नाही. स्पॅनिशमध्ये एक खूण असो वा अनेक, ‘आब्रीआ बिस्तो ला उएया’, ‘आब्रीआ बिस्तो लास उएयास’. ‘बिस्तो’ जागचा हलत नाही. बदलायचं ते ‘आब्रीआ’, आणि तेही पाहणाऱ्याप्रमाणे: आम्ही पाहिलं असतं, तर ‘आब्रीआमोस बिस्तो’. जीभ ‘बिस्ता’, ‘बिस्तास’कडे ओढ घेईल, तिला आवरावं लागतं.

अट प्रत्येक वेळी ‘सी’नेच घालावी लागते असं नाही. ‘सिन’ म्हणजे ‘शिवाय, वाचून’. धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाला, ज्याला आपण लेखा-मेंढा म्हणतो, 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला. 2006चा वनहक्क कायदा झाला नसता तर ते शक्य नव्हतं. स्पॅनिशमध्ये: ‘सिन ला लेइ, एल पुएब्लो नो आब्रीआ रेसिबिदो सु बोस्के’, कायद्यावाचून गावाला आपलं जंगल मिळालं नसतं. अट एका नामात मावली, सब्जंक्टिव्ह लागलाच नाही. बोलताना ‘योबिएरा’, ‘तुबिएरा’ आठवेना झालं की ‘सिन’वर वाक्य तोलावं. ‘पावसावाचून पीक आलं नसतं’, ‘गाइडवाचून वाट चुकलो असतो’, असं कितीतरी त्यात सांगता येतं.

शेवटी वर्तमानपत्रांतला संकेतार्थ. बोलण्यात तो फारसा येत नाही, पण स्पॅनिश बातम्या वाचायला लागलं की पहिल्याच दिवशी भेटतो. ‘एल तीग्रे आब्रीआ मातादो उना बाका’. शिकलेल्या नियमाने वाचलं तर ‘वाघाने गाय मारली असती’ असा अर्थ लागतो आणि मग माणूस पुढच्या ओळीत ‘जर’ शोधत राहतो. ‘जर’ नसतोच. बातमीदाराला गोष्ट कळली आहे, पण त्याने खात्री केलेली नाही. त्याने जबाबदारी या एका क्रियापदात टाकली आहे. चंद्रपूरच्या कोणत्याही वर्तमानपत्रात हेच ‘वाघाने गाय मारल्याचे समजते’ असं छापून येतं. अर्जेंटिनाच्या वर्तमानपत्रांत हा प्रकार भरपूर दिसतो. अनेक स्पॅनिश शैलीपुस्तकं तो टाळायला सांगतात, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. पंचनामा व्हायच्या आधीच वाघावर आळ येतो, आणि गावात त्याचे परिणाम होतात. पण वाचणाऱ्याला तो ओळखता आलाच पाहिजे. बातमीत ‘आब्रीआ’ दिसला आणि आसपास ‘सी’ नसेल, तर ‘असता’ न म्हणता ‘असं कळतं’ म्हणून वाचावं.